'गुरबख्श' : एका नावाचा अर्थ आणि इतिहास

प्रस्तुत लेख म्हणजे माझ्याच एका चुकीची उशिरा केलेली दुरुस्ती आहे. म्हणून आधी चूक सांगतो, मग अभ्यास.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना. बाहेर बेळगावचा पाऊस आणि वर्गात पहिल्या वर्षाचा इतिहासाचा तास. कार्यालयाकडून आलेली नावांची यादी इंग्रजी अक्षरांत होती. ती मी आदल्या रात्री घरी बसून माझ्या हजेरीच्या वहीत मराठीत उतरवून घेतली होती. त्यात एक नाव पंजाबी होते. 'गुर' म्हटले की मराठी कानाला गुरेढोरे आठवतात, तेव्हा मी ते आपल्या परीने 'शुद्ध' करून 'गुरु' लिहिले. पुढच्या 'बक्ष'ला काही अर्थ लागेना. तोही हात न थरथरता 'भक्ष' केला. सकाळी वर्गात मोठ्याने वाचले, "गुरुभक्षसिंग!"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, जपून राहा!" वर्ग हसला. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. तिसऱ्या रांगेत फेटा बांधलेला एक उंच मुलगा उभा राहिला होता. तो "हजर" एवढे म्हणून खाली बसला. पुढचे आठ दिवस तो माझ्या तासाला आला नाही.

आठव्या दिवशी मी कॅम्पातल्या त्याच्या घरी गेलो. वडील सैन्यात, बदली होऊन नुकतेच बेळगावात आलेले. त्यांनी मला आग्रहाने बसवले, चहा दिला. मुलाने घरी काही सांगितले नव्हते, हे माझ्या लक्षात आले. मीच सगळे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग हिंदीत म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, याच्या आधीची आमची दोन मुलं राहिली नाहीत. हा झाला तेव्हा ग्रंथसाहिबातून 'ग' अक्षर निघालं. माझ्या आईनं लगेच हे नाव ठेवलं. अर्थ साधा आहे. गुरूनं दिला, म्हणून गुरबख्श."

त्या रात्री घरी येऊन मी कोश काढून बसलो. पुढे अनेक वर्षे हे नाव जिथे जिथे भेटले तिथे टिपून ठेवले. त्या टिपणांतून हा लेख तयार झाला आहे.

नाव कसे ठेवतात?

आपल्याकडे मूल जन्मले की जन्मवेळ पाहतात, नक्षत्राचा चरण पाहतात आणि त्यावरून नावाचे पहिले अक्षर ठरते. शीख घरात हे अक्षर ताऱ्यांकडून येत नाही, ग्रंथाकडून येते. आई आणि बाळ प्रवासाजोगे झाले की कुटुंब गुरुद्वारात जाते. तेथे गुरु ग्रंथसाहिब उघडतात, समोर जे पद येईल ते वाचतात आणि त्या पदाचे पहिले अक्षर घेऊन नाव सुचवतात. या वाचनाला 'हुकम' किंवा 'वाक घेणे' म्हणतात. मुलाच्या नावापुढे 'सिंग' आणि मुलीच्या नावापुढे 'कौर' लावावे, हे १९४५ साली मान्य झालेल्या शीख रहित मर्यादेत स्पष्ट सांगितले आहे. मूळ नाव मात्र मुलाला आणि मुलीला एकच चालते. गुरबख्श सिंग असतो तशी गुरबख्श कौरही असते.

येथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या ग्रंथातून हे अक्षर निघते, त्यात आपल्या संत नामदेवांची ६१ पदे आहेत. म्हणजे पंजाबातल्या एखाद्या खेड्यात जन्मलेल्या बाळाचे पहिले अक्षर पंढरीच्या नामदेव शिंप्याच्या शब्दातून येऊ शकते. याहून जवळचे नाते ते कोणते?

'सिंग' म्हणजे सिंह. तो शब्द राजपुतांच्या नावांत आधीपासून होता. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली, तेव्हापासून दीक्षा घेणाऱ्या सर्वांना तो मिळाला. जातीचे आडनाव मागे पडावे आणि सगळ्यांचे नाव एका पातळीवर यावे, हा त्यामागचा हेतू होता.

'खालसा' हा शब्द आपल्याला वेगळ्याच संदर्भात ठाऊक आहे. 'संस्थान खालसा झाले' असे आपण म्हणतो. दोन्हींचे मूळ एकच. अरबी 'खालिस' म्हणजे शुद्ध, निर्भेळ. ज्या जमिनीवर मधला जहागीरदार नाही, जी थेट सरकारची आहे, ती खालसा जमीन. त्याच न्यायाने, मध्ये कोणी मध्यस्थ नसलेला, थेट गुरूचा जो समुदाय तो खालसा. इतिहासाची थट्टा अशी की १८४८ साली आपले सातारा खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी, १८४९ साली, खालशांचे राज्यही इंग्रजांनी खालसा केले.

दोन शब्दांचा जोड

आता नावाकडे वळू. 'गुरबख्श' या नावात दोन शब्द आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या भाषांतून आले आहेत.

पहिला 'गुर'. हा आपला संस्कृत 'गुरु'च आहे. पंजाबीत समासात त्याचा शेवटचा उकार गळतो. गुरमुख, गुरदास, गुरदयाल, गुरमीत ही सगळी नावे अशीच घडली. मराठीत आपण उकार ठेवतो. गुरुनाथ, गुरुदास म्हणतो. तेव्हा 'गुर' हे 'गुरु'चे अशुद्ध रूप नव्हे. ते त्या भाषेचे शुद्ध रूप आहे. मी केलेली 'शुद्धी' हीच खरी अशुद्धी होती.

दुसरा शब्द 'बख्श'. हा फारसी आहे. 'बख्शीदन' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : देणे आणि क्षमा करणे. हा शब्द आपल्याला परका मुळीच नाही. शर्यतीत मुलाला मिळते ते 'बक्षीस', वकिलाकडे जाऊन आपण करतो ते 'बक्षीसपत्र', ही सगळी याच घराण्यातली. फारसीतल्या 'ख्श' या जोडाला मराठीने 'क्ष'चा वेश दिला, म्हणून तो संस्कृत वाटू लागला. गुरमुखी लिपीत 'क्ष' हे जोडाक्षरच नाही. तेथे 'ख' आणि 'श' सुटे लिहितात. तेव्हा मराठीत लिहितानाही 'बख्श' असे लिहिणे अधिक बरे.

आपल्या 'बक्षी' या हुद्द्याविषयी मात्र सावध राहावे. महादजी शिंद्यांच्या फौजेतले जिवबादादा बक्षी गोव्याच्या पेडणे भागातल्या केरीचे. सैन्याच्या पगाराचा हिशेब ज्याच्याकडे तो बक्षी. तो पैसे देतो म्हणून बक्षी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु या हुद्द्याचा शब्द मध्य आशियातील तुर्की-मोंगल भाषांतून, 'लेखनिक' या अर्थाने आला, असे बरेच अभ्यासक मानतात. शब्द सारखा दिसला म्हणजे सख्खा असतोच असे नाही.

समास कोणता?

व्याकरणाच्या विद्यार्थ्याने येथे एक शंका जरूर काढावी. फारसीत नामापुढे असा धातू आला की सहसा 'करणारा' असा अर्थ होतो. 'जहांगीर' म्हणजे जग घेणारा. 'ताजबख्श' म्हणजे मुकुट देणारा. या नियमाने 'गुरबख्श' म्हणजे 'गुरू देणारा' असे व्हायला हवे. तसे का होत नाही?

कारण नावांच्या बाबतीत हिंदुस्थानाने फारसीचा हा नियम आपल्या पद्धतीने वापरला. पाटण्याचे ज्यांच्या नावाचे ग्रंथालय १८९१ पासून लोकांसाठी खुले आहे, त्या खुदाबख्श यांच्या नावाचा अर्थ 'खुदाने दिलेला' असाच होतो. अवधातले हिंदू राजेही हीच पद्धत वापरीत. १८५७ च्या लढ्यात गोंड्याचे राजा देवीबख्श सिंग होते, शंकरपूरचे राणा बेनीमाधव बख्श सिंग होते. देवीने दिलेला तो देवीबख्श. तसा गुरूने दिलेला तो गुरबख्श. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा तृतीया तत्पुरुष होय.

असे नाव आपल्याकडे नाही काय? आहे. संस्कृतात 'देवदत्त' आहे. 'दत्त' म्हणजे दिलेला. त्याच 'दत्त'चे पंजाबी रूप 'दित्ता'. सहावे गुरू हरगोविंद यांच्या थोरल्या मुलाचे नाव बाबा गुरदित्ता असे होते. गुरदित्ता आणि गुरबख्श या दोन नावांचा अर्थ अगदी एकच. एकाचा उत्तरार्ध संस्कृतातून आला, दुसऱ्याचा फारसीतून. आमच्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना तर हे सांगायलाच नको. त्यांच्या हजेरीपटात 'गुरुप्रसाद' असतोच. गुरूचा प्रसाद म्हणजे गुरूने दिलेलेच की!

संस्कृत आणि फारसी अशी एका नावात सांधलेली पाहून कोणाला नवल वाटेल. पण गुरू गोविंदसिंगांच्या चार मुलांची नावे पाहा. अजित हे संस्कृत, जुझार म्हणजे झुंजार हे देशी, जोरावर हे फारसी आणि फतेह हे अरबी. एका घरातील चार भावांत भाषांचे एवढे जग नांदत होते. आपल्याकडे तरी काय वेगळे? मालोजीराजांच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी. अक्कलकोटला आणि बडोद्याला फत्तेसिंह झाले. जवळच्या कागलच्या घाटगे घराण्यात पिराजीराव झाले. नाव ठेवताना आपल्या वाडवडिलांनी शब्दाची जात विचारली नाही, अर्थ पाहिला.

हे नाव धारण करणारे

आता इतिहासाकडे येऊ. या नावाचा एक धागा थेट महाराष्ट्रात, गोदावरीच्या काठी आहे.

१७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. तेथे माधोदास नावाचा एक बैरागी मठ करून राहत होता. मूळचा तो जम्मूकडील राजौरीचा, जन्म १६७०. गुरूंच्या भेटीने तो पालटला आणि स्वतःला त्यांचा 'बंदा' म्हणजे सेवक म्हणवू लागला. दीक्षेनंतर त्याला 'गुरबख्श सिंग' हे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. लोकांच्या तोंडी मात्र 'बंदा' हेच नाव राहिले आणि इतिहासात तो बंदा सिंग बहादूर म्हणून प्रसिद्ध झाला. नांदेडहून तो उत्तरेस गेला. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरू नांदेडलाच निवर्तले. पुढे दोन वर्षांच्या आत, मे १७१० मध्ये, बंदा सिंगाने सरहिंद जिंकले. त्याने नाणी पाडली, पण त्यांवर स्वतःचे नाव घातले नाही, गुरूंचे घातले. डिसेंबर १७१५ मध्ये गुरदास नंगल येथे तो वेढ्यात पकडला गेला आणि जून १७१६ मध्ये दिल्लीत त्याला हाल करून मारण्यात आले. 'गुरूने दिलेला' या नावाचा अर्थ त्याने उलटून दाखवला, असे मला वाटते. गुरूने दिलेले त्याने गुरूच्याच कामी परत दिले.

दुसरा गुरबख्श सिंग हा निहंग. १७६१ च्या पानिपतामुळे अहमदशाह अब्दालीचे नाव मराठी मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. तोच अब्दाली पुढेही पंजाबावर येत राहिला. १७६४ च्या डिसेंबरात तो फौज घेऊन अमृतसरला पोहोचला, तेव्हा अकाल तख्तापाशी राखणीला उणीपुरी तीस माणसे होती. त्यांचा प्रमुख गुरबख्श सिंग. ते सगळे लढून मेले. अब्दालीबरोबर आलेला काझी नूर मुहंमद याने आपल्या फारसी जंगनाम्यात या तीस माणसांची नोंद करून ठेवली आहे. तो शिखांचा मित्र नव्हे, कट्टर द्वेष्टा होता. म्हणून त्याची साक्ष मोलाची.

तिसरा कन्हैया मिसलीतला गुरबख्श सिंग. १७८५ साली तो लढाईत पडला. त्याची विधवा सदा कौर हिने मिसलीची सूत्रे हाती घेतली आणि आपली मुलगी मेहताब कौर रणजितसिंगांना दिली. रणजितसिंगांच्या उदयामागे या सासूचा हात मोठा होता. नांदेडच्या हुजूर साहिबाची आजची मुख्य वास्तू याच रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. म्हणजे धागा फिरून पुन्हा गोदावरीवर आला.

विसाव्या शतकात हे नाव दोन वेगळ्या वाटांनी गेले. एक वाट लेखणीची. गुरबख्श सिंग (१८९५–१९७७) हे शिक्षणाने इंजिनिअर. पण १९३३ साली त्यांनी 'प्रीतलडी' हे पंजाबी मासिक काढले आणि ते इतके लोकप्रिय झाले की मासिकाचे नावच त्यांच्या नावाला चिकटले. दुसरी वाट बंदुकीची. आझाद हिंद सेनेचे गुरबख्श सिंग धिल्लों (१९१४–२००६) यांच्यावर शाहनवाज खान आणि प्रेम सहगल यांच्यासह १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात खटला चालला. बचावाला भुलाभाई देसाई उभे होते. शिक्षा जन्मठेपेची झाली. पण देशभर असा क्षोभ उसळला की जानेवारी १९४६ मध्ये ती माफ करणे सरसेनापतीला भाग पडले. 'बख्श'चा दुसरा अर्थ क्षमा. परंतु ही क्षमा मेहरबानीने मिळालेली नव्हती, लोकांनी ती वसूल केली होती. धिल्लों पुढे शिवपुरीजवळ शेती करून राहिले. शिवपुरी ही ग्वाल्हेरच्या शिंद्यांची उन्हाळ्यातली राजधानी. तेथील मराठी घरांना ते शेजारीच होते.

भक्ष आणि बख्श

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मुद्दा. 'भक्ष' आणि 'बख्श' यांची मी केलेली गल्लत म्हणजे केवळ कानाचा दोष, असे मी समजत होतो. कोश पाहता पाहता वेगळेच काही हाती लागले.

संस्कृतात 'भज्' हा धातू आहे. त्याचा जुना अर्थ वाटणे, वाटा देणे किंवा घेणे. त्यातूनच भाग, विभाग, भक्त, भगवान हे शब्द आले. 'भक्ष्' हा धातूही याच्याच पोटचा. आपल्या वाट्याला आलेले ग्रहण करणे हा त्याचा मूळ भाव, खाणे हा अर्थ त्यातून आला. इराणी भाषा या संस्कृतच्या बहिणी. तेथे 'भ'चा 'ब' होतो. आपला भ्राता तिकडे बिरादर. त्याच मूळ धातूपासून तेथे 'वाटा देणे' या अर्थाचे रूप झाले आणि त्याचेच पुढे 'बख्श' बनले. म्हणजे हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत! एक देणाऱ्याच्या हाताकडे गेला, दुसरा घेणाऱ्याच्या तोंडाकडे. हजारो वर्षांनी एक भाऊ फारसीच्या वाटेने पंजाबात परत आला आणि बेळगावच्या एका वर्गात मी त्याला दुसऱ्या भावाच्या नावाने हाक मारली.

ही माहिती मिळाल्यावर मी त्या मुलाला बोलावून आनंदाने सांगितली. मनात कुठेतरी असेही होते, की माझी चूक तेवढी मोठी नव्हती, असे तो म्हणेल. त्याने सगळे नीट ऐकून घेतले. मग त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "सर, भाऊ असला तरी हजेरी त्याच्या नावाने लावत नाहीत ना?"

मला उत्तर सुचले नाही. व्युत्पत्ती शब्दाची असते, नाव माणसाचे असते. शब्दाचा उगम चार हजार वर्षे मागे नेता आला म्हणून समोर उभ्या असलेल्या मुलाचा अपमान पुसला जात नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हजेरी घेण्यापूर्वी माझी चूक सांगितली, नावाचा अर्थ सांगितला, आणि मी हसलो ते चुकले असेही सांगितले. वहीतले नाव खोडून नवे लिहिले. मग वाचले, "गुरबख्श सिंग."

"हजर, सर."

तो आवाज या वेळी स्पष्ट होता.

आपल्या या गावात एकेक नाव तीन-तीन लिप्यांत लिहिले जाते. एका लिपीतून दुसरीत जाताना एखादी मात्रा गळते, एखादा उकार वाढतो. आपल्यापैकी पुष्कळांनी आपले स्वतःचे नाव कोठल्या ना कोठल्या दाखल्यावर चुकलेले पाहिले आहे आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी खेटेही घातले आहेत. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, एवढेच सांगणे. आपल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याच्या नावाचा अर्थ एकदा त्यालाच विचारा. कोशात नसलेले पुष्कळ काही त्याच्याकडे मिळेल. मला त्या घरी, चहाच्या कपासमोर, तसेच मिळाले होते.